कच्चा रांजण

रामप्रसाद कुंभार गेले तेव्हा त्यांच्या छपराखाली एक रांजण उभा होता. कमरेएवढा उंच, पोटाला चांगला घेर, तोंडाची कड अंगठ्याने दाबून नीट बसवलेली. वाळून खडखडीत झालेला, पण कच्चा. त्याच्या आजूबाजूला माठ, घागरी, झाकण्या असं लहानसहान बरंच मांडलेलं होतं. तेही सगळं कच्चंच. आवा लावायचा, म्हणजे सगळं रचून भाजायचं, म्हणून त्यांनी दिवस धरला होता, आणि आदल्या दुपारी जेवून ते जे आडवे झाले ते उठले नाहीत.

तेराव्यापर्यंत त्या छपराकडे कुणी फिरकलं नाही. तेरावं उरकलं तशा चंद्रभागाबाई रोज सकाळी तिथे जाऊ लागल्या. कोरड्या फडक्याने रांजणावरची धूळ पुसायच्या, शिरलेल्या कोंबड्या हाकलायच्या आणि पोत्याचा पडदा पुन्हा खाली सोडायच्या.

"हे आसंच ऱ्हाऊ दे," त्या लेकीला फोनवर म्हणाल्या. "त्यायचा हात हाय त्याच्यावर. इस्तवाच्या हवाली एकदा केलं, तेवढं बस झालं."

लेक म्हणजे रोहिणी, एकुलती एक. पुण्यात एका संशोधन संस्थेत ती जुन्या खापरांचा अभ्यास करायची. दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव कसं जगत होतं ते कळायला राजांची नावं लागत नाहीत, फुटक्या मडक्यांचा ढीग पुरतो, असं तिचं म्हणणं. खापर हातात आलं की ती आधी त्याचा एक टवका मोडून आतला रंग बघायची. आतपर्यंत लाल असेल तर भांड्याला आच आणि हवा दोन्ही पोटभर मिळालेली. मधोमध काळा पट्टा असेल तर घाईने भाजलेलं. आतल्या अंगाला चाकाच्या रेघा आहेत की दगड धरून थापटल्याचे खळगे, ते बघायचं. मातीत भुसा मिसळलाय, वाळू मिसळलीय की राख, ते भिंगाखाली शोधायचं. आणि एवढं झालं की तीच माती, तेच मिश्रण घेऊन स्वतः भांडं घडवायचं, भाजायचं आणि जुन्या खापराशी ताडून बघायचं. या शेवटच्या कामासाठी ती सुट्टीत गावी यायची, आणि बापलेक दोघं मिळून छपराखाली चिखलाने माखून घ्यायचे.

गावाला लागूनच पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड होतं. धाब्याच्या घरांवर पसरायला लोक पिढ्यान्पिढ्या तिथली पांढरी माती नेत आले होते, आणि नेताना तिच्यातली खापरं बाजूला भिरकावत आले होते. काही हिवाळ्यांपूर्वी रोहिणीच्या संस्थेने तिथे खड्डे घेतले. खालच्या थरांतल्या खापरांत भुशाचे ठसे होते. वरच्या थरांत भुसा नाहीसा झाला होता आणि त्याच्या जागी बारीक वाळू आली होती. तिने हे नानांना, म्हणजे वडिलांना, फोनवर सांगितलं, तेव्हाचं बोलणं तिला अजून शब्दन् शब्द आठवत होतं.

"मंग त्यायनी भुसा कावून सोडला?" नानांनी विचारलं होतं.

"ते कळत नाही, नाना. खापर एवढंच सांगतं, की सोडला."

"मिळंना झाला आसंल."

"असेल. नाहीतर कुणाला तरी वाळू बरी वाटली असेल."

"कुणाला तरी," नाना म्हणाले, आणि इतका वेळ गप्प राहिले की फोन तुटला असं तिला वाटलं.

वैशाखात रजा काढून ती निघाली. मांजरसुंब्याला गाडी बदलली, धारूरचा घाट उतरून तेलगावच्या अलीकडे फाट्यावर उतरली, आणि घरी गेल्यावर चहासुद्धा न घेता छपरात शिरली.

रांजणाच्या तोंडात तिने मोबाईलचा उजेड टाकला. आतून खळगेच खळगे होते. एवढं मोठं भांडं चाकावर पुरं होत नाही. खालचं अंग थापटून थापटून वाढवावं लागतं, आतून दगडाचा आधार, बाहेरून लाकडी थापी. बुडाशी खळगे खोल होते, ठसठशीत. वर येता येता ते उथळ होत गेले होते. मानेजवळ तर बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हते. एखाद्या अनोळखी खापरावर हे दिसलं असतं तर तिने लगेच सांगितलं असतं, की घडवणारा थकत चालला होता. तिने उजेड बंद केला आणि पडदा सोडून बाहेर आली.

"माय, पावसाळ्यात हे टिकायचं नाही. छपराचे पत्रे वाऱ्यानं निम्मे उडालेत."

"ताडपत्री घालंन."

"दमट हवेनंसुद्धा कच्चं बसतं. तुला माहीत आहे."

"मला लई म्हाईत हाय. तू नगं शिकवू. कुंभाराच्या घरात तुझ्या आधी आले मी."

दुपारी भाकरी खाताना रोहिणीने पुन्हा विषय काढला. आवाज मात्र जपून ठेवला. "टेकाडावर आम्ही एवढे खड्डे घेतले, माय. पोत्यांनी खापरं निघाली. पण कच्चं भांडं एकसुद्धा निघालं नाही. भाजायची राहून गेलेली भांडी त्याही लोकांची असणारच की. त्यांची परत माती झाली. जे भाजलं, ते फुटलं तरी उरलं."

चंद्रभागाबाईंनी ताटातली भाकरी उगाच मोडत ठेवली. "आन आव्यात तडकला तर?"

"तर निदान खापर राहील."

"खापर घिऊन काय करू, उरावर कवटाळू?"

रोहिणीने आईच्या ताटात कालवण वाढलं. त्यात भाकरी बुडवत चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आधी एक झाकणी भाज. माझ्याम्होरं वाजवून दाव. मंग रांजणाचं बघू."

झाकणी भाजणं म्हणजे काही डोंगर उचलायचा नव्हता. रोहिणीने अंगणाच्या कडेला वीतभर खड्डा केला, तळाला गोवऱ्या, मधे झाकणी, वर उसाचं पाचट आणि पाचटावर मातीचा लेप. नाना करायचे तसंच, तेवढंच. चंद्रभागाबाई लांब ओट्यावर बसून बघत राहिल्या. पेटवताना त्यांनी मान वळवली.

दुसऱ्या सकाळी झाकणी निघाली ती वरून देखणी, तांबूस. रोहिणीने बोटाच्या पेराने ती वाजवली. खणखणीत वाजायला हवी होती. ओली वीट पडावी तसा बद्द आवाज आला. तिने कडेवर जरासा अंगठा दाबला मात्र, झाकणीचे दोन तुकडे झाले.

चंद्रभागाबाई उठल्या. त्यांनी छपराचा पडदा ओढला आणि तो खाली दगडाने दाबून टाकला. "झालं तुझं समाधान? आता त्याला हात लावायचा न्हाई," असं म्हणून त्या पाण्याला निघून गेल्या.

रोहिणी ते दोन तुकडे मांडीवर घेऊन बसली. काही वेळाने, निव्वळ सवयीने, तिने मोडलेली बाजू उजेडाकडे धरली. मधोमध जाड काळा पट्टा. तिला नवल वाटलं. याच आचेवर, याच पाचटावर नानांची भांडी आजवर आरपार लाल निघत आली होती. तिने स्वतःच आपल्या प्रबंधात ते लिहिलं होतं: ओढ्याच्या गाळाची माती, घोड्याची लीद, चुलीची राख, पिढ्यान्पिढ्या न बदललेली पद्धत.

पिशवीतलं भिंग काढून तिने मोबाईलला लावलं. लीद घातलेल्या मातीत गवताच्या काड्या जळून गेलेल्या पोकळ्या दिसायला हव्या होत्या. त्या नव्हत्याच. त्यांच्या जागी करडे, चकचकीत, खसखशीहून बारीक मणी होते. आणि ते गोल होते, अगदी गोल. ओढ्याच्या गाळात इतकं गोल काही नसतं. चुलीच्या राखेतही नसतं. असे मणी तिने एका सहकाऱ्याकडे पाहिले होते. दगडी कोळशाची भुकटी मोठ्या भट्टीत जळते तेव्हा तिच्यातली माती वितळते आणि चिमणीकडे उडता उडता थेंबासारखी गोल होऊन गार होते.

परळीची राख. थर्मल वीजकेंद्राची.

नानांनी? तिला आधी विश्वासच बसेना. कारण परळीची राख म्हटलं की गावात एकच माणूस डोळ्यांपुढे यायचा: आप्पाराव, नानांचे धाकटे भाऊ. तेलगाव रस्त्यावर त्यांची वीटभट्टी होती आणि विटांत घालायला ते परळीहून ट्रॅक्टरने राख आणायचे. नानांनी त्यावरून भावाची चेष्टा करायचं कधी सोडलं नव्हतं. राखेच्या विटांच्या घरात माणसं राहणार का भुतं, असं ते चार लोकांत म्हणायचे आणि आप्पाराव चिडून उठून जायचे.

रोहिणी भट्टीवर पोचली तेव्हा आप्पाराव रचलेल्या विटांच्या फटीतून धूर बघत उभे होते.

"काका, नानांना राख तुम्ही दिली?"

"कुनी सांगितलं?"

"झाकणीनं."

"पुन्याच्या साळंत झाकन्या बी बोलाया लागल्या का आता?" आप्पारावांनी उपरण्याने मान पुसली. पण लपवून ठेवण्यात आता काही राम नव्हता, हे त्यांच्याही ध्यानात आलं. "दिली. एक गोनी. सायकल घिऊन स्वता आलते दादा. तोंड एवढंसं करून. म्हनले, आप्पा, कुनाला बोलू नगंस, तुझ्या वैनीला तर आजिबात न्हाई. म्या म्हनलं, जलमभर मला राखुंड्या म्हनलात, आन आज कावून आलात? तर म्हनले, घोडी ऱ्हायली कुठं गावात? ट्रॅक्टर काय लीद टाकतंय व्हय?"

रोहिणीला हसू आलं. नानांचा आवाज काकांनी हुबेहूब उचलला होता.

"आन म्हनले, रोहीला दावायचंय."

"काय दाखवायचं होतं?"

"त्ये मला काय कळतंय? म्हनले, ती म्हनती जुन्या लोकायनी भुसा कावून सोडला त्ये कळत न्हाई. मंग म्हनले, आप्पा, आपुन बी सोडून बघू. सोडल्याबिगर कसं कळंल?"

रोहिणी समोरच्या विटांच्या थप्पीकडे बघत राहिली. आप्पाराव फार बोलणारे असले तरी अडाणी नव्हते. ते भट्टीच्या पलीकडच्या बाजूला चक्कर मारून आले. तोवर तिने डोळे पुसले होते.

"राख घातली की आच कशी देता, काका?"

"धीरानं. त्या राखंत कोळशाचा अंश ऱ्हातो, त्यो आतून पेटतो. घाई केली की वरून लाल आन आतून काळी. पाचटाचं काम न्हाई त्ये. पाचट भडकतं आन इझतं. दांडगं जळन पायजे, आन वारं खेळाया जागा."

घरी परतताना ती छपराच्या मागच्या बाजूने आली. तिथे कापूस वेचून झालेल्या झाडांच्या पळाट्या रचलेल्या होत्या. जाड जाड निवडून, बुंधे एका बाजूला करून, पेंढ्या बांधून. येता-जाता ती रास तिने कितीदा तरी पाहिली होती आणि चुलीची म्हणून सोडून दिली होती.

"माय, या पळाट्या चुलीसाठी आहेत?"

"चुलीसाठी कसल्या!" चंद्रभागाबाईंचा राग अजून गेला नव्हता. "मला एक काडी वढू दिली न्हाई त्यातली. एक पेंढी काय घेतली, तर केवढं भांडले! मी म्हनलं, म्हताऱ्याला येड लागलं."

रोहिणीने आईला ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. भिंगातले मणीही दाखवले. चंद्रभागाबाई कितीतरी वेळ मोबाईलवर वाकून राहिल्या.

"आप्पाची राख? माझ्यापसून लपवली?" त्या म्हणाल्या. मग त्यांना एकेक आठवू लागलं. "म्हनून घरात यायच्या आधी हौदावर हातपाय धुवायचे. मी म्हनायची, आज लई सवळं चाललंय. आन माती मळताना मला म्हनायचे, तू जा, तुझी कंबर दुखती." त्यांचं तोंड रागाचं झालं, हसरं झालं आणि मग कसंनुसं झालं. उठून त्यांनी पडद्यावरचा दगड काढला, आत जाऊन रांजणाच्या पोटावर हात ठेवला.

"म्हंजी भाजायचाच हुता त्यायला. पळाट्यासुदीक हुडकून ठिवल्या."

"हो."

"मंग भाजू."

आवा रचायला सगळी सकाळ गेली. खाली विटांचे तुकडे मांडून वाऱ्याला वाटा ठेवल्या, त्यावर गोवऱ्या, मग भांडी, आणि भांड्यांच्या मधे मधे पळाट्या. रांजण मधोमध, जुन्या खापरांवर उपडा. वरून पाचट आणि पाचटावर मातीचा लेप. या घरात आव्याचा विस्तव चुलीतून न्यायचा आणि तो नेणारा घरचा कुंभारच. बायका माती मळायच्या, गेरू लावायच्या, आवा लिंपायच्या. पेटवायच्या वेळी मात्र पाठ फिरवून घरात जायच्या. त्यामुळे आप्पाराव धुतलेली टोपी घालून आले होते आणि चुलीपाशी उभे होते.

चंद्रभागाबाईंनी चुलीतले निखारे एका खापरात ओढले. ते खापर त्यांनी रोहिणीच्या हातात दिलं.

"भावजी, तुमी वाऱ्याचं बघा."

"वैनी, पर आपली रीत..."

"रीत त्यायनी मोडली, लीद सोडली तवाच. गोनी तुमी दिलीत. आन आता मला सांगता व्हय?"

आप्पारावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "चल गं रोही," ते म्हणाले. "खापर तिरपं नगं धरू, भाजशील."

या वेळी चंद्रभागाबाई घरात गेल्या नाहीत.

आच धीराने द्यायची होती. आधी नुसता पांढरा ओला धूर निघत राहिला. रोहिणीने पुण्याहून आणलेली उष्णता मोजायची तार आव्यात खुपसून ठेवली होती. ती आकडा सांगायची आणि आप्पाराव धूर बघून वाट उघडायची की बुजवायची ते सांगायचे. दोघांचं बहुतेक वेळा जमत होतं. "तुझी तार हुशार हाय," आप्पाराव म्हणाले, "माझ्या भट्टीवर लावू का कामाला? च्यापानी मागत न्हाई, बरंय."

दुपार कलताना आव्यातून फट्ट असा आवाज आला. सगळे थबकले.

"कुठला?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

कुणाला सांगता येईना. थोड्या वेळाने अजून एक आवाज आला, आधीच्याहून बारका. रोहिणीचा हात आपोआप लेपाकडे गेला, तसा आप्पारावांनी तो धरला. "उघडलास की गार वारं लागून हाय ते बी जाईल. आता बसायचं." मग तिघंही बसली. चंद्रभागाबाईंनी चहा केला आणि तो प्यायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. पळाट्या नानांनी निवडल्या तशाच जळत होत्या, भडका न करता, खोल. संध्याकाळी आव्याच्या फटींतून केशरी उजेड दिसू लागला तेव्हा आप्पारावांनी सगळ्या वाटा उघड्या ठेवल्या, आणि आता त्याचा तो निवेल, असं म्हणून घरी गेले.

दुसरा दिवस आवा गार व्हायला लागला. त्याच्या पुढच्या सकाळी रोहिणीने लेपाचे पोपडे काढले आणि दोघी मायलेकींनी हाताने राख बाजूला सारायला सुरुवात केली. आधी खापरंच हाती लागली. एक घागर पार फुटली होती, एका माठाचं पोट गेलं होतं. चंद्रभागाबाई ते तुकडे पदरात घेत होत्या. मग राखेतून रांजणाचं बूड वर आलं. रोहिणीने खाली हात घातला, चारी बाजूंनी चाचपलं. सलग होता. तेवढ्यात आलेले आप्पाराव आणि ती, दोघांनी मिळून तो उचलला आणि सुलटा केला.

लाल झाला होता. एका अंगाला मात्र पळाटी टेकली होती तिथे धुराचा काळा डाग राहिला होता, तळहाताएवढा. मानेजवळ, खळगे उथळ होते त्याच बाजूला, एक केसाएवढी रेघ होती. रोहिणीने नखाने ती तपासली. वरवरची होती, आत गेलेली नव्हती.

"वाजव," आप्पाराव म्हणाले.

रोहिणीने आईकडे पाहिलं. चंद्रभागाबाईंनी पदरातली खापरं खाली ठेवली, हात पुसला आणि बोटाच्या पेराने रांजण वाजवला. आवाज खणकन उठला आणि जरा वेळ रांजणाच्या पोटात घुमत राहिला. त्यांनी पुन्हा वाजवला. मग तिसऱ्यांदा, काही कारण नसताना.

दुपारी रांजण ओट्याच्या कोपऱ्यात तिवईवर बसवून हौदाच्या पाण्याने भरला. पहिलं पाणी ओतून दिलं, दुसरं ठेवलं. उजाडता उजाडता त्याच्या अंगावर दमटपणा आला होता, बारीक घामासारखा, आणि आतलं पाणी गारेगार झालं होतं. आप्पारावांनी तांब्याभर पाणी एका दमात संपवलं.

"कसं हाय?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"माझ्या राखंची चव हाय," ते म्हणाले. "दादांनी मरताना का हुईना, मानली म्हनायची."

"मानली बिनली काय न्हाई. लीद मिळंना म्हनून घेतली," चंद्रभागाबाई म्हणाल्या, पण त्यांनीच त्यांचा तांब्या पुन्हा भरून दिला.

फुटक्या भांड्यांची खापरं त्यांच्या घरातून नेहमी पांढरीच्या पायथ्याशी टाकली जात. त्या सकाळी पाटी घेऊन दोघी तिकडे गेल्या. टाकण्याआधी रोहिणीने घागरीच्या एका तुकड्याचा टवका मोडला. आरपार लाल. तेवढा एक तिने पिशवीत टाकला. प्रबंधातलं ते वाक्य आता पुसावं लागणार होतं, आणि त्या जागी काय लिहायचं ते तिला ठाऊक होतं. बाकीची खापरं जुन्या खापरांवर जाऊन पडली.

"ह्यात मनी हायेत त्ये कुनाला कळंल पुढं?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"मोडून बघणाऱ्याला कळेल."

"आन कावून घातले, त्ये?"

"ते नाही कळायचं."

"लिहून ठिव मंग," चंद्रभागाबाई म्हणाल्या. रिकामी पाटी कमरेवर घेऊन त्या उताराला लागल्या. छपराजवळ आल्यावर थांबल्या. पडदा कुणीतरी वर बांधून ठेवला होता, आणि आतल्या रिकाम्या जमिनीवर रांजणाच्या बुडाचा गोल उमटलेला दिसत होता. कोपऱ्यात नानांनी चाळून ठेवलेली माती तशीच होती, आणि तिच्या शेजारी अर्धीअधिक भरलेली गोणी.

"माती भिजवू का?" त्यांनी विचारलं.

"चाकावर कोण बसणार, माय?"

"त्ये बघू," चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि पदर खोचला. "आधी भिजू तर दे. तू पानी आन."

रोहिणी घागर घेऊन रांजणाकडे गेली.